कानाने ठेवलेली नावे

कर्जतच्या बाजारात कोंबडी घ्यायला गेले की पहिला प्रश्न येतो, ‘बॉयलर की गावठी?’ ब्रॉयलरमधला ‘र’ मराठी जिभेने गाळला आणि शेडमध्ये वाढलेली पांढरी कोंबडी ‘बॉयलर’ झाली. अंगणात उकिरडा उकरत वाढलेली ती ‘गावठी’. भाव या दोन शब्दांवर ठरतो. तिसरा शब्द दुकानात निघत नाही आणि निघूही नये. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यात १९९१ साली झालेली दुरुस्ती यांमुळे त्या पक्ष्याची शिकार गुन्हा आहे. तो शब्द ‘रानकोंबडा’.

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे. तिच्या पायथ्याच्या झाडीत हा पक्षी आजही नांदतो. खांडसहून भीमाशंकरकडे चढणारी वाट, कोंढाण्याच्या लेण्यांवरून राजमाचीला जाणारी वाट, पेठच्या किल्ल्याखालची झाडी, अशा ठिकाणी पहाटे थांबणाऱ्याला त्याची साद ऐकू येते. दिसतो मात्र क्वचित. वाटेच्या कडेला पाचोळा उकरत असतो, चाहूल लागली की मान खाली घालून पळत करवंदाच्या जाळीत शिरतो. या पक्ष्याच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या नावांचा इतिहास मला या एका गोष्टीत सापडतो: ते आधी ऐकू येतात, दिसतात नंतर.

पण कोंबड्याकडे जाण्याआधी ‘रान’ पाहू. संस्कृत अरण्य, प्राकृत रण्ण, मराठी रान. सुरुवातीचा ‘अ’ गळाला, जोडाक्षर सुटे झाले आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर दीर्घ झाला. अरघट्टाचा रहाट होताना असाच पहिला ‘अ’ गळाला होता. शब्दाचा हा प्रवास साऱ्या महाराष्ट्रात सारखाच झाला. अर्थाचा प्रवास मात्र घाटाच्या दोन बाजूंना वेगळा झाला. देशावर ‘धनी रानात गेलेत’ म्हणजे शेतात गेलेत. तिथे उसाचे रान असते, ज्वारीचे रान असते, नांगरून ठेवलेले रान असते. बोरघाट उतरून खोपोलीत आले की हाच शब्द पुन्हा झाडीकडे वळतो. खालापूरचा शेतकरी भात लावायला शेतावर जातो. रानात जातो तो मोळीला, करवंदांना, पहिल्या पावसानंतरच्या भाज्यांना. भाताच्या खाचराला इथे कोणी रान म्हणत नाही. नाचणी-वरईच्या डोंगरउतारालाही नाही, त्याला ‘वरकस’ हा वेगळा शब्द आहे. जंगलखात्याच्या हद्दीत आदिवासी कुटुंबे कसत आलेल्या तुकड्याला ‘दळी’ म्हणतात. जमिनीच्या प्रत्येक प्रकाराला स्वतःचे नाव असल्यामुळे ‘रान’ इथे आपल्या मूळ अर्थापाशी राहू शकले. देशावर झाडी तोडून शेती झाली, तरी जागेचे जुने नाव लोकांनी सोडले नाही, असे मला वाटते. कर्जतच्या डोक्यावर असलेल्या माथेरानच्या नावातही, माथ्यावरचे रान असा अर्थ लावताना, आपण हाच कोकणी अर्थ गृहीत धरतो. ‘रानकोंबडा’ हा शब्दही याच अर्थाने कळतो. देशावरच्या अर्थाने वाचला तर तो शेतातला कोंबडा होईल.

‘रान’ जोडून मराठीने कितीतरी शब्द केले आहेत: रानडुक्कर, रानमांजर, रानकेळ, रानहळद. या सगळ्यांत घरचे रूप मुख्य धरले आहे आणि वनातले रूप त्याची एक तऱ्हा म्हणून सांगितले आहे. बोलणाऱ्याच्या दृष्टीने ते स्वाभाविकच आहे, कारण त्याने घरचे आधी पाहिलेले असते. वंशावळीत क्रम उलटा आहे. रानात राहणारा आधी, खुराड्यात राहणारा नंतर.

कोंबड्याच्या बाबतीत हा उलटा क्रम फार दूरवर नेतो आणि तो थेट सह्याद्रीपाशी पोचतो. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंत राहणारा लाल रानकोंबडा. डार्विनने १८६८ च्या आपल्या ग्रंथात एकट्या त्यालाच पूर्वज मानले आणि पुढची शंभरेक वर्षे ते मत पक्के राहिले. आपल्या सह्याद्रीतला करडा रानकोंबडा ही वेगळी जात. त्याचे शास्त्रीय नाव गॅलस सोनेराटी. पिएर सोनेरा या फ्रेंच प्रवाशाने अठराव्या शतकात हिंदुस्थानात येऊन इथल्या पक्ष्यांची वर्णने केली, त्याच्यावरून टेमिंक या पक्षिशास्त्रज्ञाने १८१३ साली हे नाव ठेवले. स्थूलमानाने गोदावरीच्या उत्तर-पूर्वेला लाल आणि दक्षिण-पश्चिमेला करडा अशी त्यांची वाटणी आहे. करड्याला वंशावळीत जागा नव्हती. ती २००८ साली मिळाली. कोंबड्यांच्या पायांची पिवळी कातडी ज्या जनुकामुळे येते, ते लाल रानकोंबड्याकडून आलेले नाही, करड्या रानकोंबड्याकडून आलेले आहे, असे स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह दाखवून दिले. दक्षिण आशियात केव्हातरी पाळीव कोंबड्यांचा आणि या रानपक्ष्याचा संकर झाला आणि तो पिवळा रंग जगभर पसरला. कर्जतच्या दुकानातल्या बॉयलरच्या पिवळ्या तंगड्या पाहताना हे ध्यानात ठेवावे. त्या पिवळेपणाचा धनी दहा-पंधरा किलोमीटरवरच्या डोंगरात पाचोळा उकरतो आहे.

आता तो दिसतो कसा ते सांगतो. नराची लांबी शेपटीसकट ७० ते ८० सेंटिमीटर. अंग करड्या-काळ्या रंगाचे, शेपटीची वळलेली पिसे जांभळट काळी, डोक्यावर लाल तुरा, गळ्याखाली लाल लोंबत्या कल्ल्या. खरी ओळख मानेवर. तिथल्या अरुंद पिसांच्या टोकांना पिवळट-पांढरे चकचकीत ठिपके असतात. पिसाचा दांडाच तिथे चपटा होऊन मेणासारखा कठीण झालेला असतो. मादी निम्म्या आकाराची, तपकिरी, छातीवर पांढऱ्या पिसांना गडद किनार. तुरा तिला जवळजवळ नाहीच. बसली की पाचोळ्यातून वेगळी काढता येत नाही, आणि तिच्या दृष्टीने तेच हवे, कारण जमिनीवरच्या उथळ खळग्यात चार ते सात अंडी घालून ती एकटीच तीन आठवडे उबवते.

मानेवरच्या त्या पिसांनी या पक्ष्याचा बराच घात केला. स्कॉटलंड-इंग्लंडच्या नद्यांमध्ये सामन मासा धरण्यासाठी गळाला पिसांची बनावट माशी बांधतात. तिच्या ‘डोळ्या’साठी हे मेणचट ठिपक्याचे पीस सर्वांत चांगले ठरले आणि एकोणिसाव्या शतकापासून ते हिंदुस्थानातून जात राहिले. तिकडच्या गळवाल्यांच्या भाषेत त्याचे नाव ‘जंगल कॉक’. आपल्या ‘रानकोंबड्या’चाच तो जोडीदार शब्द. आता ही गरज परदेशात पाळलेल्या पक्ष्यांवर भागवली जाते.

डोक्यावरच्या मांसल मुगुटाला आपण ‘तुरा’ म्हणतो. अरबी-फारसीतल्या तुर्‍र्‍याचा हा मराठी अवतार. मुळात तो कपाळावरची बट किंवा पागोट्याचा झुबका. मराठीत तो गवताच्या आणि उसाच्या शेंड्यावर, लग्नातल्या मुंडावळीजवळ आणि कोंबड्याच्या डोक्यावर एकाच वेळी जाऊन बसला. त्याची जोडीदारीण ‘कलगी’ शाहिरांच्या फडात गेली आणि कलगी-तुरा हे सवाल-जवाबाचे नाव झाले. पागोट्यावरून पक्ष्याकडे नाव जावे याचे नवल वाटायला नको. पागोट्यावर खोचलेले पीस मुळात पक्ष्याचेच होते.

‘कोंबडा’ या शब्दाचे पोट उघडून पाहू. शेवटचा ‘-डा’ प्रत्यय आहे. अपभ्रंश भाषांपासून तो नामांच्या शेवटी लागत आला आहे. अंत्राचे आतडे झाले, कृत्तीचे कातडे झाले आणि उत्कर म्हणजे उकरून टाकलेला ढीग, त्याचा उकिरडा झाला. प्रत्यय काढला की उरतो ‘कोंब’, आणि त्याची साक्ष कोकणीत मिळते. तिथे नर ‘कोंबो’ आणि मादी ‘कोंबी’. ‘-डा’ची गरज कोकणीला पडली नाही. आता अंकुराला आपण ‘कोंब’ म्हणतो आणि कोंबड्याच्या डोक्यातूनही तुरा फुटतो, म्हणून दोन्ही शब्द एकच असा तर्क कोणीही करील. मी तो करणार नाही. नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती बांधली की शब्दचर्चेची करमणूक होते. कोकणी आणि मराठी यांच्यात सामाईक असलेले एक ‘कोंब-’ पक्षिनाम होते, इतके म्हणणे पक्के आहे.

मराठीने त्यामुळे एक जुना शब्द सोडला. संस्कृत ‘कुक्कुट’ गुजरातीत ‘कूकडो’ होऊन चुलीपाशी राहिला. मराठीत तो घरातून गेला आणि कचेरीत उरला. ‘कुक्कुटपालन’ हा शब्द पंचायत समितीच्या योजनेत, कर्जाच्या अर्जात, कृषी खात्याच्या फलकावर असतो. कुक्कुटपालनाचा अर्ज भरून आलेला माणूस घरी सांगतो, ‘पोल्ट्री टाकतोय.’ खरे पाहता ‘कुक्कुट’ हा शब्द या कचेरीतल्या शब्दांपेक्षा कितीतरी जिवंत आहे. तो पक्ष्याच्या आवाजावरून घडला आहे आणि शुक्ल यजुर्वेदाइतका जुना आहे. त्याच काळातला दुसरा शब्द ‘कृकवाकु’. यास्क या प्राचीन व्युत्पत्तिकाराने निरुक्तात त्याची फोड केली आहे: शब्दाचा पहिला भाग आवाजाची नक्कल आणि दुसरा ‘बोलणे’ या अर्थाच्या धातूपासून. ‘कृक’ असे बोलणारा तो कृकवाकु. अश्वमेधाच्या पशुपक्ष्यांच्या यादीत हा पक्षी सविता या देवतेला दिला आहे, कारण उजाडण्याची वर्दी तो देतो.

यास्काने यापुढची गोष्ट केली ती मला फार मोलाची वाटते. कावळ्याचे ‘काक’ हे नाव आवाजाची नक्कल आहे असे सांगून तो म्हणतो, की पक्ष्यांच्या नावांत हे पुष्कळदा घडते. लगेच तो औपमन्यव या विरोधकाचे मतही नोंदवतो. औपमन्यवाच्या मते नक्कल म्हणून काही नसतेच, प्रत्येक नाव धातूपासूनच निघते. इसवी सनापूर्वी कित्येक शतके हा वाद नोंदला गेला आणि त्यातली उदाहरणे रानातल्या शिकारपक्ष्यांची आहेत. कावळ्यानंतर लगेच तिथे तित्तिरि येतो आणि कपिंजल येतो. तित्तिरीच्या नावाला यास्क दोन कारणे देतो: एक त्याच्या उड्या मारत जाण्याचे आणि दुसरे तिळाएवढ्या ठिपक्यांनी चित्रविचित्र असल्याचे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या गवताळ उतारांवर रंगीत तितर दिसतो, त्याचे अंग पाहिले तर तिळाचे हे कारण सांगणाऱ्याने पक्षी जवळून पाहिला होता याची खात्री पटते. तरीही मी यास्काच्या पहिल्या विधानाच्या बाजूने उभा राहीन. ‘ति-त्ति-रि’ हे तीन तुटक स्वर तितराच्या तोंडचेच आहेत. तिळाचे कारण नंतर, पक्षी हातात आल्यावर सुचलेले आहे. नाव मात्र तो गवतात लपलेला असतानाच पडले होते. कृष्ण यजुर्वेदाच्या एका शाखेलाही हे नाव मिळाले. याज्ञवल्क्याने टाकलेली विद्या बाकीच्या शिष्यांनी तित्तिर पक्षी होऊन टिपली, अशी कथा विष्णुपुराणात आहे, आणि ‘तैत्तिरीय’ या शब्दात तो पक्षी आजही आहे.

याच कसोटीवर रानकोंबड्याची साद घासून पाहा. आपण लहान मुलांना ‘कुकूचकू’ शिकवतो. ते गावठी कोंबड्याचे बोलणे आहे, लांब हेल काढणारे. करडा रानकोंबडा असे बोलत नाही. त्याची साद तुटक असते. दोन-तीन कर्कश ठोके एकापाठोपाठ, आणि शेवटी हलके, आत ओढून घेतलेले ‘क्युक, क्युक’. कोंबडा आरवतो, या ‘आरवणे’त संस्कृत ‘आरव’ आहे. कोंबडा बांग देतो, त्या ‘बांगे’त फारसी आहे. दोन्ही क्रियापदे लांब स्वराची आहेत आणि घरच्या पक्ष्याला शोभतात. रानकोंबड्याच्या बोलण्यासाठी मला ‘ओरडतो’ हेच बरे वाटते. विणीचा काळ सुरू झाला, म्हणजे हिवाळा संपता संपता, ही साद दरीच्या दोन्ही बाजूंनी उठते. मृग लागून पाऊस धरला की नराच्या मानेची ठिपक्यांची पिसे झडतात, त्या जागी आखूड काळपट पिसे येतात आणि त्याचा आवाजही कमी होतो.

आणखी एक गोष्ट नावाच्या लिंगात आहे. घरच्या पक्ष्याचे सर्वसाधारण नाव स्त्रीलिंगी आहे. आपण कोंबड्या पाळतो, कोंबडी शिजवतो, कोंबडीची पिल्ले म्हणतो. उपयोग मादीचा, म्हणून नाव मादीचे. तिच्या भोवती शब्दांचे मोठे घरटे आहे: अंड्यांवर बसायला आलेली ती खुडूक, अंडी घालायला न लागलेली तरुण ती तलंग, झाकून ठेवायची क्रिया डालणे, झाकायचे साधन डालगे. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही ही म्हणही या डालग्याखालचीच. रानात गेल्यावर नाव पुल्लिंगी होते, रानकोंबडा. मोराचेही तसेच आहे. लांडोर हा शब्द असून जातीचे नाव मोर. तिथे उपयोगाचा प्रश्न नाही, ओळखीचा आहे, आणि ओळख करून देतो तो नर.

पायथ्याच्या या झाडीत दुसरा एक पक्षी राहतो, त्याच्याबद्दल फार कमी लिहिले गेले आहे. चकोत्री. रानकोंबडीपेक्षा लहान, जेमतेम ३६ सेंटिमीटरची, तांबूस तपकिरी. डोक्याला तुरा नाही, पण डोळ्याभोवती लाल उघडी कातडी. पायांवर एकापेक्षा जास्त आऱ्या, नराला दोन ते चार आणि मादीलाही एखाद-दोन. जोडीने किंवा तीन-चारांच्या टोळीने ती दाट झुडपांतून फिरते. उडण्यापेक्षा पळणे तिला पसंत, आणि रात्री झाडावर चढून झोपते. युरोपीय शास्त्रज्ञांना ही धड कोंबडी वाटली नाही की धड तितर, म्हणून वंशाचे नाव ठेवले गॅलोपर्डिक्स, म्हणजे लॅटिनमधला कोंबडा आणि तितर एकत्र. जातीचे नाव स्पॅडिसिया, म्हणजे तांबूस. ग्मेलिन या निसर्गशास्त्रज्ञाने १७८९ साली तिचे शास्त्रीय वर्णन केले ते सोनेराच्याच लिखाणावरून. सोनेराने तिला मादागास्करची तांबडी तितर म्हटले होते. माणसांनी हा पक्षी त्या बेटावर नेऊन सोडलेला होता. त्यामुळे सह्याद्रीच्या या लेकीचे पहिले शास्त्रीय गाव कागदोपत्री मादागास्कर ठरले.

‘चकोत्री’ हे नाव मात्र इथलेच. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी शिकारग्रंथांत तिचे मराठी नाव ‘कोकत्री’ असे नोंदलेले आढळते. मराठीत ‘सकोत्री’ असेही लिहिले जाते. कोकत्री, चकोत्री, सकोत्री या तीन रूपांकडे एकत्र पाहिले की ‘कोत्री’-‘कत्री’ हा गाभा आणि त्याभोवती हलणारे पहिले अक्षर दिसते. ही चकोत्री झुडपात असताना ‘कर्र-क्वेक, कर्र-क्वेक’ असे काहीतरी घशातून बोलते. क, र, त यांची ही खडखड ऐकून माझे मत असे झाले आहे की ‘कोकत्री’ हेच जुने, कानाने ठेवलेले रूप, आणि ‘चकोर’ या प्रतिष्ठित शब्दाच्या ओढीने त्याचे ‘चकोत्री’ झाले. बोलीत अक्षरे अशी हलतातच. चिकटणे आणि चिटकणे, नुकसान आणि नुसकान आपण रोज ऐकतो.

चकोराची प्रतिष्ठा किती मोठी! चांदणे पिणारा हा पक्षी मराठी कवितेत सातशे वर्षे आहे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात चकोराची पिल्ले येतात, आणि पिल्लासाठी तिथे आलेला शब्द ‘तलग’. कर्जतच्या पाड्यावरची ‘तलंग’ त्याच शब्दाची. शके १२१२ मधला ग्रंथशब्द आज अंगणात अंड्यावर यायची वाट पाहतो आहे, हे कोणत्याही भाषेला अभिमान वाटावे असे आहे. प्रत्यक्षातला चकोर मात्र हिमालयातला, काश्मीर-लडाखपासून नेपाळपर्यंतच्या उघड्या दगडी उतारांवरचा. महाराष्ट्रात तो नाही. ज्याला मराठी कवींनी पाहिले नाही त्याच्यावर इतके प्रेम झाले, आणि ढाकच्या डोंगराच्या पायथ्याला, खांडसच्या वाटेला पायांत येणाऱ्या चकोत्रीला एक ओवी मिळाली नाही. मला याचे वाईट वाटते.

लाव्याबद्दल थोडक्यात. संस्कृत लाव, मराठी लावा किंवा लावरी. मुठीत मावेल एवढा पक्षी, घोळक्याने एका झुडपाखाली दबून बसतो आणि पाय अगदी जवळ पडला की सगळे एकदम चारी दिशांना उडतात. बाळाला शिकवतो ते ‘भुर्र’ ऐकायचे असेल तर इथे ऐकावे. चरक आणि सुश्रुत या दोघांनी लावा, तित्तिर, कुक्कुट हे पक्षी एका गटात घातले आणि गटाचे नाव दिले ‘विष्किर’, म्हणजे खाद्य पसरून, विखरून खाणारे. हे नाव डोळ्यांनी ठेवलेले आहे, पण किती नेमके! रंग नाही पाहिला, तुरा नाही पाहिला, सवय पाहिली. आपले ‘विखुरणे’ याच कुळातले, ‘उकरणे’ही त्याच धातूचे. करवंदाच्या जाळीखाली पाचोळा उलटापालटा झालेला दिसला तर तिथे विष्किर येऊन गेला असे समजावे. वाळवी, मुंग्या, पडलेले बी, बोरे, करवंदे हा त्यांचा आहार. बांबूला बी धरले, किंवा सात-आठ वर्षांनी कारवी फुलून बी झडले, की रानकोंबडे तिथे गोळा होतात.

मारणाऱ्यांचे शब्दही पाहायला हवेत, कारण हे पक्षी माणसाला शतकानुशतके तेवढ्याचसाठी ठाऊक होते. ‘शिकार’ फारसी. त्याआधीची ‘मृगया’ संस्कृत. मृग म्हणजे पूर्वी केवळ हरीण नव्हे, कोणताही रानटी प्राणी. वेदांत सिंहालाही मृग म्हटले आहे. इराणच्या बाजूला याच शब्दाचे भावंड अवेस्तात पक्ष्यासाठी आले आणि फारसीत ‘मुर्ग’ झाले. तो मुर्ग मुसलमानी अमदानीत आपल्याकडे आला आणि मुर्गी झाला. फारसीत शहामृगाला ‘शुतुरमुर्ग’, उंटपक्षी, म्हणतात. मराठी माणसाला ‘शुतुर’ कळला नाही, ‘मुर्ग’ कळला नाही, म्हणून त्याने ‘शहा’ आणि ‘मृग’ असे दोन ओळखीचे शब्द तिथे बसवले. आणि अजाणता त्याने हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेल्या दोन भावंडांना भेटवले. लोकव्युत्पत्तीचे इतके सुंदर उदाहरण मराठीत दुसरे मला ठाऊक नाही.

मराठीचा आपला शब्द ‘पारध’. हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या प्राकृत व्याकरणात संस्कृत ‘पापर्द्धि’पासून प्राकृत ‘पारद्धी’ साधून दाखवले. पापाची ऋद्धी, पापाची भरभराट. हे नाव ठेवणारा पारध करणारा नव्हता, तिच्याकडे दुरून आणि नापसंतीने पाहणारा होता. ज्यांच्या पोटासाठी पारध होती त्यांच्यावर मग हाच शब्द जातीचे नाव म्हणून बसला. या फोडीत त्या माणसांबद्दल काही सत्य नाही, नाव देणाऱ्याबद्दल आहे. कर्जत-खालापुरातल्या कातकऱ्यांचे नाव मानाने कितीतरी बरे. खैराचे लाकूड उकळून कात काढणारे ते कातकरी, म्हणजे नावात त्यांचे कसब आहे. त्यांना आणि ठाकरांना या रानाची जितकी माहिती आहे तितकी कोणत्याही पुस्तकात नाही.

इथेच मला काळजी वाटते. आज पक्षीनिरीक्षक वापरतात ती मराठी नावे, म्हणजे करडा रानकोंबडा, लाल चकोत्री, रंगीत तितर, निम्मी इंग्रजी विशेषणांवरून आली आहेत. शास्त्राला नेमकेपणासाठी ती हवीत, मीही इथे तीच वापरली. पण ती दुर्बिणीतून ठेवलेली नावे आहेत. पाड्यावरच्या माणसाच्या तोंडी जी नावे आहेत ती कानाने ठेवलेली आहेत, आणि ती माणूस गेला की जातात. मारुती चितमपल्लींनी वनखात्यातल्या नोकरीत जंगलातल्या माणसांकडून अशी नावे गोळा केली आणि पक्षिकोशासारखे काम उभे केले. २०२५ साली ते गेले. कर्जत-खालापूरसाठी, एकेका खोऱ्यासाठी, हे काम अजून व्हायचे आहे.

ते करायला विद्वान असण्याची गरज नाही. आश्रमशाळेतले शिक्षक, भीमाशंकरच्या वाटेने दरवर्षी चढणारे भटके, पाड्यावर जाणाऱ्या आरोग्यसेविका, कोणालाही ते करता येईल. वाटेत साद ऐकू आली तर सोबतच्या ठाकराला किंवा कातकऱ्याला विचारा, ‘दादा, याला तुम्ही काय म्हणता?’ आजीला विचारा, तिला जास्त ठाऊक असेल. नाव लिहा, वाडीचे नाव लिहा, महिना लिहा, पक्षी काय करत होता ते लिहा. घरटे दिसले तर त्याची जागा कुणाला सांगू नका, मोबाइलवर साद वाजवून पक्ष्याला बाहेर काढू नका. आणि ऐकलेले नाव शुद्ध करू नका. ‘कोकत्री’ ऐकू आले तर ‘चकोत्री’ लिहू नका.